बाळंतिणीचं पाणी

मी सांगलीची. त्यामुळे खराब पाण्याबद्दल मला कुणी काही शिकवू नये, ही माझी लग्न झाल्यापासूनची भूमिका आहे. आमच्याकडे कृष्णामाई आधी घाटावर येते, मग गल्लीत, मग सरळ स्वयंपाकघरात. पहिल्या मजल्यावर बसून, चारी बाजूंनी पाणी बघत, पिण्याच्या पाण्याच्या टँकरची वाट आम्ही पाहिलेली आहे. तेव्हा माझ्या सासरी, पाटणच्या अलीकडच्या त्या गावात, खालच्या आळीत काविळीची लागण झाली आणि नळाचा पाइप गटाराखाली फुटल्याचं कळलं, तेव्हा मी शांतपणे एवढंच म्हणाले, “उकळून प्यायचं.” कुणी ऐकलं नाही. सुनेने इतकं सोपं काही सांगितलं की सासरच्यांना त्यात काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं.

घरात त्या वेळी बाळंतीण होती. माझी धाकटी नणंद पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि तिच्या मुलीचं नुकतंच बारसं झालं होतं. पोर सुरेख होती, पण तिला दूध पुरत नव्हतं. कराडच्या डॉक्टरीणबाईंनी नणंदेला बजावलं होतं, “भरपूर पाणी प्या, तांब्यावर तांब्या प्या.” आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, हे ऐकून घेतलं आणि घरी येऊन सोडून दिलं. बाळंतिणीने पाणी प्यायलं की पोट सुटतं, बाळाला सर्दी होते, हे त्यांच्याकडे पक्कं ठरलेलं. त्यामुळे नणंदेला सकाळी एक वाटी ओव्याचं पाणी, संध्याकाळी एक वाटी बाळंतशोपाचं, आणि मध्ये डिंकाचे लाडू. ते कोरडे लाडू ती कशी गिळत होती देव जाणे.

पोर रात्रंदिवस रडून घर डोक्यावर घ्यायला लागली तेव्हा कुठे आत्याबाई नमल्या. “देऊ पानी. पर चांगलं देऊ,” म्हणाल्या. त्या ‘चांगलं’ या शब्दाने पुढचा सगळा घोळ घातला.

कारण चांगलं पाणी म्हटल्यावर मामंजी उठले. माझे सासरे सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. आरोग्य केंद्राच्या आशाताईंनी घरोघरी क्लोरीनची बाटली वाटली होती, ती त्यांनी दोन्ही हातांनी घेतली. अंगणात फळी टाकून त्यावर हंडा, कळशी, घागर अशी भांडी उंचीप्रमाणे उभी केली. नळाच्या कच्च्या पाण्याला ते रंगरूट म्हणायचे. त्यांचा नियम असा, की थेंब टाकायचे, अर्धा तास थांबायचं आणि हुंगायचं. औषधाचा वास आला तर पाणी पास. वास आला नाही तर औषध जंतूंनी खाऊन टाकलं असं समजायचं आणि पुन्हा थेंब टाकायचे. नियम बरोबर होता, हे मला आजही कबूल आहे.

“वास यीपर्यंत पानी इशू करायचं न्हाई. क्लियर हाय?” ते मला म्हणाले. मी हो म्हणाले.

पहिला हंडा पास झाला. मी तो स्वयंपाकघरात नेला. आत्याबाईंनी झाकण काढलं आणि नाकाला पदर लावला. “ह्यो कसला वास? ह्ये माझ्या लेकीला पाजू? त्यातनं ते दुधात उतरंल!” असं म्हणून त्यांनी हंडा चुलीवर चढवला आणि वास जाईपर्यंत रटरटून उकळला. मग निवायला म्हणून उचलून पुन्हा अंगणातल्या फळीवर ठेवला, कारण बाळंतिणीच्या पाण्याला चुलीचा धूर नको. मामंजी डेअरीत दूध घालून परत आले, हंडा हुंगला. वास नाही. टाकले थेंब. अर्ध्या तासाने पाणी पास झालं. मी ते आत नेलं. आत्याबाईंनी नाकाला पदर लावला.

तो हंडा त्या दिवशी किती वेळा आत-बाहेर गेला हे मी मोजलं नाही. उकळून उकळून पाणी निम्म्यावर आलं, तेव्हा आत्याबाईंनी वरून नळाचं ताजं पाणी भरून हंडा सारखा केला. ते मामंजींनी पाहिलं आणि त्यांच्या मते सबंध हंडाच पुन्हा रंगरूट झाला. मी दोघांनाही समोर बसवून समजावलं. दोघांनाही सगळं समजलेलं होतं, हीच तर गंमत.

“वास ग्येला म्हंजे पहारा उठला,” मामंजी म्हणाले.

“वास हाय म्हंजे पानी नासलं,” आत्याबाई म्हणाल्या.

आणि दोघेही एकमेकांकडे न बघता आपापल्या कामाला लागले. माझे यजमानही सैन्यात, तेव्हा उत्तरेत कुठेतरी होते. फोनवर मी त्यांना हे सगळं सांगितलं तर म्हणाले, “वडील म्हणतात तसं कर.” मी विचारलं, “आणि आई?” तर म्हणाले, “आई म्हणते तसंपण कर.” मी फोन ठेवून दिला. असल्या घरात मला का दिलं, असं मी त्या दिवशी माझ्या आईलाही फोन करून विचारलं.

इकडे बाळंतिणीची खोली बंद. खिडक्यांना चादरी, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, ओव्याची धुरी. नणंद डोक्याला फडकं बांधून घामाने निथळत बसलेली. मी आत गेले की तिचे डोळे आधी माझ्या हातांकडे जायचे. “वैनी, आलं का पानी?” ती विचारायची. मी म्हणायचे, “येतंय, एवढा वास गेला की,” नाहीतर, “एवढा वास आला की.” एकदा ती हसली. मग हसता हसता तिचे ओठ फुटले आणि त्यातून रक्त आलं. त्या फुटक्या ओठांकडे पाहून माझ्या अंगाचा असा संताप झाला की सांगता येत नाही. घरात तीन भांडी काठोकाठ भरलेली आणि बाळंतिणीच्या तोंडाला कोरड.

मी पाटणच्या स्टँडवरून बाटलीबंद पाणी आणलं. मामंजींनी बूच फिरवून पाहिलं, उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाले, “शीलचा आवाज ढिला आला. ह्ये कुटनं भरलंय कुनाला ठावं?” आत्याबाईंनी बाटलीला हात लावला आणि ती गार लागली म्हणून किंचाळल्याच. बाटली गोठ्यात गेली. म्हशीने ती प्यायली आणि म्हशीला काहीही झालं नाही, हे मी दोघांच्या निदर्शनास आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी जावईबापू आले. काविळीची बातमी त्यांच्या आष्ट्यापर्यंत पोचली होती. त्यांचं तिकडे बाजारपेठेत पाणी शुद्ध करायच्या मशीनचं दुकान, त्यामुळे त्यांना या विषयावर बोलायचा अधिकार होता आणि त्यांनी तो मोटारीतून उतरतानाच वापरायला सुरुवात केली. “मामा, मी दोघींना न्यायला आलोय. आमच्याकडं मशीनचं पाणी हाय.”

आत्याबाईंचा चेहरा उतरला. सव्वा महिन्याच्या आत पहिलटकरीण माहेराहून उठून गेली तर गावात तोंड दाखवायची सोय नाही. आणि लेक काही रोज माहेरी येत नाही, हेही होतंच. “पाव्हणं, आमी पानी बेस करतोय,” त्या म्हणाल्या. “दोगं मिळून करतोय.”

“दाखवतो की किती बेस हाय ते,” म्हणत जावईबापूंनी पिशवीतून एक डबी काढली. तिला खाली चार कांड्या आणि मागे विजेची वायर. गिऱ्हाइकाला मशीन घ्यायला लावायची ती त्यांची हुकमी डबी. त्यांनी ओसरीवर दोन काचेचे ग्लास मांडले. एकात त्यांनी आष्ट्याहून आणलेलं मशीनचं पाणी, दुसऱ्यात आमच्या हंड्यातलं, इतक्यांदा पास आणि नापास झालेलं. कांड्या बुडवल्या, बटण दाबलं. त्यांचं पाणी होतं तसंच राहिलं. आमचं आधी पिवळं झालं, मग तांबडं, मग त्यात कसल्यातरी घाणेरड्या गुठळ्या तरंगायला लागल्या.

मामंजी खुर्चीतून उठून ग्लासाशी वाकले. आत्याबाई मटकन खाली बसल्या. “ह्ये माझ्या घरचं पानी?”

“ह्येच पीत हुता की आजवर,” जावईबापू म्हणाले. दुकानातलं हे वाक्य त्यांच्या तोंडात अगदी रुळलेलं होतं.

मला माहीत होतं की ही हातचलाखी आहे. पाण्यात साधे क्षार असले तरी त्या कांड्यांचं लोखंडच झिजतं आणि पाण्याला रंग येतो; जंतूंशी त्याचा काडीचा संबंध नाही. तसं मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात आत्याबाई उठून देवघरात गेल्या आणि गंगेचा तांब्याचा गडू घेऊन आल्या. मामंजींनी नोकरीत असताना काशीहून आणलेला, तोंड डाख लावून बंद केलेला, वर्षानुवर्षं तसाच ठेवलेला. कुणाच्या शेवटच्या घटकेला लागेल म्हणून जपलेला तो गडू त्यांनी उलथन्याच्या टोकाने स्वतः फोडला.

“आता हिच्यात घाला तुमच्या कांड्या.”

जावईबापू मागे सरकले. “आत्या, आवं हे देवाचं… त्यात कसं घालायचं?”

“घाला,” मामंजी म्हणाले. तो हुकूमच होता.

बिचाऱ्यांनी आधी हात जोडले, मग कांड्या घातल्या. गंगा पिवळी झाली. मग तांबडी. आमच्या पाण्यापेक्षा जास्तच, कारण इतकी वर्षं तांब्यात बसलेली. जावयाने आपल्या सासूला तिची गंगा खराब आहे असं तोंडावर सांगायचं, की आपली डबी खोटी आहे असं सासऱ्यापुढे कबूल करायचं, एवढंच आता शिल्लक राहिलं होतं. त्यांनी बराच वेळ घाम पुसला. शेवटी म्हणाले, “ही डबी… म्हंजे फकस्त मशीन विकायपुरती हाय, आत्या.”

यानंतर विषय संपायला हवा होता. पण मामंजींना त्या डबीचा नादच लागला. त्यांनी ताक आणवलं, त्यात कांड्या घातल्या. चहात घातल्या. आत्याबाई म्हणाल्या, म्हशीच्या दुधात घालून बघा. जावईबापूही विसरले की ते काय म्हणून आलेत. ते उत्साहाने ग्लास धुवून द्यायला लागले. ओसरीभर रंगीबेरंगी ग्लास झाले आणि तिघं त्यांच्याभोवती उकिडवी बसून माना डोलवत होती. मी कपाळाला हात लावून उंबऱ्यात उभी होते.

तेव्हा माझ्यामागचं दार उघडलं. नणंद खोलीतून बाहेर आली. डोक्याचं फडकं सुटलेलं, पोर छातीशी. बाळंतिणीने वाऱ्याला बाहेर यायचं नसतं, पण ती सरळ चालत अंगणात गेली. फळीवरच्या हंड्याचं झाकण काढलं, तांब्या बुडवला आणि उभ्याउभ्याच तोंडाला लावला.

“आगं, आजून वास न्हाई आला!” मामंजी ओरडले.

“आगं, गार हाय ते!” आत्याबाई उठल्या.

“आगं, त्यातलं क्षार…” जावईबापू म्हणाले.

तिने तांब्या खाली घेतलाच नाही. पाणी हनुवटीवरून, गळ्यावरून, पोरीच्या दुपट्यावर ओघळत होतं. एवढ्या मोठ्या अंगणात फक्त तिच्या घोटांचा आवाज येत होता. तांब्या रिकामा झाला, तिने पुन्हा बुडवला. मला रडू यायला लागलं आणि मी ते लपवलं नाही.

“पुरं, पुरं,” म्हणत मामंजी पुढे झाले. त्यांना आत्याबाईंनी हाताने अडवलं. मी त्यांना मामंजींना अडवताना पहिल्यांदाच पाहिलं. त्या लेकीजवळ गेल्या. मग कुणाला म्हणून नव्हे, असं बोलल्या.

“मी न्हानीतलं प्यायची.”

कुणाला काही कळलं नाही.

“ह्या चौघा पोरांच्या येळंला. सासूबाई वाटीभर पानी द्येयाच्या. लय तान लागायची. मग आंगुळीला बसवलं की त्यातलं ओंजळीनं प्यायची, त्या पाठ वळवायच्या तवा. कडुलिंबाचा पाला घातल्यालं आसायचं. कडू लागायचं. पर प्यायची.”

मामंजींनी हातातला ग्लास खाली ठेवला. चारही बाळंतपणांना ते कुठल्या ना कुठल्या सीमेवर होते. जावईबापू आपली वायर गुंडाळायला लागले. नणंदेचा तांब्या तोंडाशी आलेला तिथेच थांबला होता आणि ती आईकडे बघत होती.

“पी की,” आत्याबाई म्हणाल्या. “थांबलीस कशापायी?”