एकदाच तपासायचं

तो नट माझ्या खुर्चीचा होता. आमचे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, लिफ्ट दुरुस्त करतात. त्या दिवशी आमच्या ऑफिसची लिफ्ट दुरुस्त करून ते हात धूत होते आणि मला गंमत सुचली. खुर्चीचा निखळलेला नट मी त्यांच्या हत्यारांच्या पेटीशेजारी ठेवला आणि म्हणालो, "भाऊजी, हा उरला वाटतं!" मग मी जेवायला गेलो. परत येऊन बघतो तर लिफ्टचं मशीन पुन्हा उघडलेलं आणि भाऊजी घामाघूम.

"अहो, माझ्या खुर्चीचा आहे तो!" मी खो खो हसत म्हणालो.

"नक्की?"

हे त्यांनी पाच वेळा विचारलं. पाचव्यांदा मी हसायचा थांबलो.

भाऊजी मुळातच काळजीपूर्वक काम करणारे. कंपनीने त्याबद्दल त्यांना भिंतीवरचं घड्याळही दिलं होतं. पण पुढच्या चार महिन्यांत तासाभराचं काम दिवसभर पुरायला लागलं. ब्रेकचा नट आवळायचा, खाली यायचं, फाटकापर्यंत जायचं, की परत वर. तेही जिन्याने. सोबतचे मेकॅनिक म्हणायचे, "तुमच्या भाऊजींनी लिफ्टशी संसार मांडलाय." मीही हसायचो. रात्री मात्र तो नट डोळ्यांसमोर यायचा. चांगल्या माणसाला आपणच वेड लावलं की काय?

ताईला डॉक्टरांचं सुचवलं तर ती उसळली. "काळजी घेणं हा काय आजार आहे? तू रोज चष्मा शोधत घरभर फिरतोस, तुला नेलं का कुणी?"

मग एका दुपारी तिचाच फोन आला. भाऊजी सकाळपासून एका बारा मजली इमारतीच्या गच्चीवरल्या मशीनच्या खोलीत होते आणि खाली यायला तयार नव्हते. मी धापा टाकत वर पोचलो. ते जमिनीवर बसले होते. हातात पाना, तळहात सोललेले.

"मी खाली उतरलो की कुणीतरी मरणार, मेव्हणे."

"तपासलंत ना?"

"चाळीस वेळा." लिफ्टचे दोर जमिनीतून खाली जातात त्या फटीतून ते खाली बघत होते. "कधी वाटतं, आपणच नसलो तर हे तपासणं तरी संपेल."

आयुष्यभर मला प्रत्येक प्रसंगी विनोद सुचला. तेव्हा एक सुचेल तर शपथ. मी त्यांचं मनगट धरलं ते थेट मानसोपचार करणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंच्या खोलीत जाऊन सोडलं. ताईही तिथे आली.

मी गच्चीवरचं सगळं सांगितलं. बाईंनी फटीकडे बघतानाच्या त्या विचाराबद्दल आधी विचारलं, सरळ आणि शांतपणे. मग म्हणाल्या, "तपासल्यावर समाधान होतं?"

"होतं. दहा पावलं."

"तपासणं हे तुमचं काम. अकराव्या पावलाला परत फिरायला लावतो तो आजार. त्याला उपचार आहेत."

मी रडकुंडीला येऊन नटाची कबुली दिली. बाई म्हणाल्या, "एका नटाने हे होत नसतं. पण असली गंमत पुन्हा नको." तेव्हा ताई खाली मान घालून म्हणाली, "लग्न झाल्यापासून रोज गॅस अकरा वेळा बघतात. मीच कुणाला बोलले नाही."

गोळ्या सुरू झाल्या. पहिले काही आठवडे भाऊजींना एकटं सोडायचं नव्हतं. पुढे दर आठवड्याला बाईंसमोर सराव: एकदा तपासायचं, दार लावायचं, परत फिरायचं नाही. भीती चढेल, चढू द्यायची, ती आपोआप उतरते. आणि घरच्यांनी "सगळं ठीक आहे हो" असा धीर द्यायचा नाही. माझ्यासारख्या बडबड्याला हे गोळ्यांपेक्षा कडू. पहिल्या दिवशी गॅस एकदाच बघून भाऊजी ओट्यापासून चार हातांवर तासभर थरथरत बसले. मी शेजारी, तोंडावर हात ठेवून.

सहा महिन्यांनी ते कामावर परतले. पहिल्या दिवशी बाईंच्या सांगण्यावरून मी सोबत होतो. त्याच बारा मजली इमारतीत त्यांनी ब्रेक एकदा तपासला, खोलीला कुलूप लावलं आणि मला घेऊन ते लिफ्टमध्ये शिरले. ओठ पांढरेफटक, कपाळावर घाम. माझं बोट बटणाजवळ जाऊन थांबलं. खाली बारा मजल्यांची पोकळी होती.

"भाऊजी," मी विचारलं, "भीती वाटतेय?"

"वाटतेय, बटण दाबा."