हळदीची दुसरी बाटली

हायवेवर शिवऱ्याच्या अलीकडे एक जुनी पाटी आहे: ‘जलील रेडिएटर वर्क्स’. तिच्या खाली बारीक अक्षरांत, मागाहून रंगवलेली ओळ: ‘कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड थंड करून मिळेल’. ती ओळ पहिल्यांदा वाचली तेव्हा मी टेम्पो बाजूला घेऊन पोटभर हसलो होतो. जलीलभाई आतून बघत होते. “हसतील त्यांचे दात दिसतील,” एवढंच म्हणाले आणि परत कामाला लागले.

मी कामथडीचा हनुमंत. तीस वर्षं टेम्पो चालवला, वेल्ह्याचा तांदूळ पुण्याला आणि कोकणातला माल इकडं. मला कुणी शिकवलेलं आवडत नाही आणि माझी चूक दाखवलेली तर मुळीच नाही. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढं ते लागणार आहे.

जलीलभाईंच्या दुकानात मागच्या भिंतीला एक फळी आहे. तिच्यावर औषधाच्या जुन्या बाटल्या ओळीनं मांडलेल्या. गाड्यांच्या रेडिएटरमधून तीस-पस्तीस वर्षांत जे जे निघालं ते त्यांत भरलंय: मोहरी, अंड्याचा पांढरा बलक, साबणाचा चुरा, कुणाच्या तरी कानातलं. प्रत्येकीवर चिठ्ठी आणि चिठ्ठीवर गावाचं नाव. त्यातली एक बाटली माझी. वीस वर्षांपूर्वी वरंधा घाटात माझा रेडिएटर गळायला लागला आणि मी त्यात दोन मुठी हळद टाकली. आम्ही ड्रायव्हर लोक टाकतोच. भोक तात्पुरतं बुजतं, घाट पार होतो, पण पुढं सगळी जाळी चोंदते. जलीलभाईंनी पिवळा चिखल काढून विचारलं, “हळद कुनी टाकली?” मी म्हणालो, “म्या न्हाई. आदीच्या मालकानं टाकली असंल.” टेम्पो मी शोरूममधून कोरा घेतला होता आणि हे त्यांना माहीत होतं. ते म्हणाले, “असंल,” आणि चिठ्ठी लिहिली: ‘हनुमंत, कामथडी. हळद. मालक म्हणतो, मी नाही.’ तेव्हापासून त्या दुकानात गेलो की मी फळीकडं पाठ करून बसतो.

पुढं गाड्यांचे रेडिएटर बदलले. प्लास्टिकची टाकी आली. फुटला की फेकायचा, दुसरा बसवायचा. दुरुस्तीचं काम आटलं. त्याच सुमाराला पुण्यात शिकणारी त्यांची मुलगी मदिहा एक ग्राफिक्स कार्ड घेऊन आली. कॉम्प्युटरवर गेमचं चित्र काढतं ते हे कार्ड. पुण्यातल्या दुकानदारानं ते मेलं म्हणून सांगितलेलं. जलीलभाईंनी वरचं झाकण उघडलं आणि म्हणाले, “ही तर जाळीच हाय. खाली तांब्याची नळी, वर पत्र्याच्या पट्ट्या, म्होरं पंखा. माजंच काम हाय की.” मदिहानं कॉम्प्युटर शिकवला, त्यांनी उष्णता शिकवली. आज हडपसरहून पोरं कार्ड घेऊन येतात. जलीलभाईंचा स्वभाव असा, की ते ‘बघू’ म्हणत नाहीत. एक तर ‘हुईल’ म्हणतात, नाहीतर ‘न्हाई हुनार’.

आता माझ्या मुलीची, शेफालीची गोष्ट. ती पाच जणांच्या टीममध्ये गेम खेळते. बाकीची चारही मुलं पुण्याची आणि ही एकटी गावातून. तिनं स्वतः कॉम्प्युटर जुळवला आणि कार्डाचा वेग नेहमीच्यापेक्षा एकशे वीस आकड्यांनी चढवून ठेवला. याला ओव्हरक्लॉक म्हणतात. दसऱ्यानंतरच्या रविवारी सेमीफायनल होती आणि तिसऱ्या डावात कॉम्प्युटर धाडकन बंद पडला. टीम कशीबशी जिंकली, पण कॅप्टननं तिला सांगितलं की परत असं झालं तर दुसरा मुलगा घेऊ. फायनल पुढच्या रविवारी सकाळी अकराला होती.

मी काय केलं? भडकलो. “जास्त वेग द्यायला तुला कुनी सांगितलं? इंजिनला रेस दिली की इंजिन बसतं,” असं सगळ्या घरासमोर सुनावलं. गुरुवारी मी कॉम्प्युटर टेम्पोत घातला आणि तिला घेऊन शिवऱ्याला गेलो.

“जलीलभाई, हा वाढीव वेग काढून टाका,” मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही. शेफालीला विचारलं, “बेटा, हा वेग कदी चढवलास?”

“एप्रिलमध्ये, चाचा.”

“मे महिन्यात बंद पडला?”

“एकदाही नाही.”

“उन्हाळ्यात चालला आन आता हवा गार झाली तर पडतोय. मंजे वेगात दोष न्हाई. मदी कायतरी झालंय.”

त्यांनी कॉम्प्युटर जोडून गेम चालू केला आणि आकडे बघितले. कार्डाची उष्णता पाच मिनिटांत नव्वदीच्या पुढं. दोन पंख्यांपैकी एक हलतच नव्हता. शेफालीच्या कानांवर हेडफोन, तिला आवाजातला फरक कळणार कसा? त्यांनी मशीन बंद केलं, वायर काढली, कार्ड सोडवलं, झाकण उघडलं. आणि मग शेफालीला म्हणाले, “बेटा, आत खुर्शिदाचाचीला चहा टाकायला सांग. तूबी थांब तितंच, चाचीला हातभार लाव.”

ती दुकानामागच्या घरात त्यांच्या बायकोकडं गेल्यावर त्यांनी चिमट्यानं एक एक वस्तू काढून पांढऱ्या कपड्यावर ठेवली. झेंडूची वाळलेली पाकळी. पट्ट्यांमध्ये थापून बसलेली हळद, कुंकू आणि धुपाची काजळी. पंख्याच्या पात्याखाली अडकलेला तांदळाचा एक दाणा.

“पूजा कुनी केली, हनुमंतराव?”

माझ्या कानशिलांतून वाफ निघाली. दसऱ्याला मी टेम्पोची पूजा इंजिन चालू ठेवून करतो. माझे वडीलही तसंच करायचे. बंद यंत्राची पूजा म्हणजे झोपलेल्याला ओवाळणं, असं ते म्हणायचे. म्हणून कॉम्प्युटरही चालू केला. पुढच्या जाळीला हळद-कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, धूप फिरवला आणि पंख्यांनी ते सगळं आत ओढून घेतलं. वर जाळीवर झेंडूचा हार, तो आठ दिवस तसाच. पोरीच्या मशीनला दृष्ट लागू नये एवढीच इच्छा होती.

“म्या,” मी म्हणालो. वीस वर्षांपूर्वी याच शब्दापुढं मी ‘न्हाई’ जोडलं होतं.

“हळद तुमचा पिच्छा सोडत न्हाई,” ते म्हणाले. हसले नाहीत. “पूजा करा. म्याबी दर गुरवारी हत्यारांना लोबान दाखवतो. पन मशीन बंद ठेवून आन चार हात लांबून. आता पोरीला सांगायचं का न्हाई ते तुमचं तुमी बगा. म्या तिला कचरा हुता एवढंच सांगनार.”

चहा आला, शेफाली आली आणि काम सुरू झालं. जलीलभाईंनी मऊ ब्रशनं पट्ट्या साफ केल्या, जुनी सुकलेली पेस्ट पुसून नवी लावली. चिप आणि जाळी यांच्यामधून उष्णता वाहून नेते ती ही पेस्ट. परत गेम लावला, उष्णता एकाहत्तर. मग त्यांनी माऊस शेफालीकडं सरकवला. “हात तुजा, नजर माजी. वाढीव वेग शून्यावर आन. आता पंधरा-पंधरानं चढव. प्रत्येक पायरीला अर्धा तास चालवायचं. घाई केली की पायरी चुकती.”

पाच-साडेपाच तास ते चाललं. एकशे पासष्टला पडद्यावर ठिपके आले. “हितं थांबायचं,” ते म्हणाले. “हितनं दोन पायऱ्या खाली धोका न्हाई. आनखी एक खाली आलं तर निवांत झोप लागती. किती झाले?”

“एकशे वीस,” शेफाली म्हणाली.

“तुजाच आकडा. तुजं बरोबरच हुतं, बेटा.” मग त्यांनी व्होल्टेज थोडं उतरवून वेग तोच ठेवायला शिकवलं, तशी उष्णता अजून तीन अंशांनी उतरली. मी खुर्चीवर बसून चहाचा रिकामा कप फिरवत राहिलो.

निघताना त्यांनी मलाही काम दिलं. उष्णतेचा आकडा मोबाईलवर दिसेल अशी सोय केली आणि म्हणाले, “घाट चढताना काट्यावर डोळा ठेवायचा का न्हाई तुमी? तसाच ह्यो काटा. ऐंशीच्या वर गेला तर तिला सांगायचं. न्हाईतर गप बसायचं.” गप बसायचं हे त्यांनी मुद्दाम सांगितलं असावं.

रविवारी पावणेअकराला मी मोबाईल हातात धरून शेफालीच्या मागं बसलो. स्पीकरवर पुण्याच्या कॅप्टनचा आवाज आला, “शेफाली, आज मध्येच जाणार नाहीस ना? शंका असेल तर आत्ताच सांग, दुसरा मुलगा तयार आहे.”

शेफाली हळूच म्हणाली, “मागच्या वेळी माझंच सेटिंग चुकलं होतं. आता नीट केलंय.”

आकडा बरोबर होता हे तिला माहीत होतं. तरी सगळ्या घरासमोर मी जे सुनावलं होतं तेच तिनं स्वतःच्या तोंडानं म्हटलं. मी पुढं वाकलो आणि माइक माझ्याकडं ओढला.

“मी शेफालीचा बाप बोलतोय. तिचं सेटिंग बरोबर हुतं. दसऱ्याला चालू मशीनवर हळद-कुंकू आन अक्षता म्या टाकल्या. आतला पंखा माज्यामुळं अडकला. वरनं तिलाच बोललो. चूक माजी.”

पलीकडून एक मुलगा म्हणाला, “काका, आमच्या आजीनं कीबोर्डवर नारळाचं पाणी शिंपडलं होतं.” सगळे हसले. कॅप्टन म्हणाला, “चल शेफाली, सुरू करू.”

तिनं मान वळवली नाही. फक्त डावा हात मागं करून माझा गुडघा दाबला आणि परत कीबोर्डवर ठेवला. दोन तास मी आकड्यावरून नजर हलवली नाही. त्र्याहत्तरच्या वर तो एकदाही गेला नाही. तिसऱ्या डावात ते जिंकले आणि कॅप्टननं पुढच्या स्पर्धेसाठी पहिलं नाव तिचं लिहिलं.

सोमवारी मी पेढे घेऊन शिवऱ्याला गेलो.

“सांगितलं का पोरीला?” जलीलभाईंनी विचारलं.

“पोरीला एकटीला न्हाई. अख्ख्या टीमला.”

त्यांनी ड्रॉवरमधून एक छोटी बाटली काढली. आत पिवळसर पूड आणि तांदळाचा तो एक दाणा. चिठ्ठी आधीच चिकटवलेली होती: ‘हनुमंत, कामथडी. हळद. मालक म्हणतो,’ आणि पुढं जागा मोकळी. त्यांनी पेन माझ्याकडं दिलं. “म्होरचं तुमी लिवा.”

मी लिहिलं, ‘मीच.’ जलीलभाईंनी वाचलं, शाई वाळू दिली आणि बाटली फळीवर माझ्या जुन्या बाटलीच्या शेजारी ठेवली. त्या दिवशी मी फळीकडं तोंड करून बसलो.