कोरड्या तलावातली शिट्टीबाई

पोहण्याच्या तलावावर बायकांच्या वेळेला उंच खुर्चीत बसणारी जी जीवरक्षक, तिला सगळे शिट्टीबाई म्हणतात. नवखी माणसं तिला बघून म्हणतात, काय मजेची नोकरी आहे! बसायचं, निळ्या पाण्याकडे बघायचं, मधूनच शिट्टी फुंकायची. असं बोलणाऱ्याला भर उन्हाळ्यात एक दुपार त्या खुर्चीत बसवायला हवं. तासाभरात खाली उतरेल आणि पाणी मागेल, तेही प्यायला.

सिनेमात बुडणारा माणूस हात वर करून ओरडतो. खरा बुडणारा गप्प बुडतो. त्याला तोंड उघडावं लागतं ते श्वासासाठी, ओरडायला उसंत कुठली? त्यामुळे जीवरक्षकाला ऐकून काही कळत नाही, बघावंच लागतं. शिट्टीबाई डावीकडून उजवीकडे डोकी मोजायची, मग खोल बाजूकडून उथळ बाजूकडे, मग पुन्हा डावीकडून. एक डोकं कमी पडलं की पाण्याखाली शोधायचं. सापडलं की पुढचं. दिवसभर हेच. तिचा नवरा बेकरीत भट्टीवर काम करतो आणि घरात सगळ्यांची टर उडवतो. तो म्हणायचा, "जेवायला बसलो तरी ही आम्हाला मोजते. परवा मेव्हणा हात धुवायला गेला, तर ही ताटावरून उठून त्याला शोधायला!"

पूर्वी तलाव उघडा होता. उन्हाळ्यात पाय ठेवायला जागा नसायची. पावसाळ्यात पाणी गढूळ व्हायचं, माणसं घटायची. थंडी आली की तलाव रिकामा करायचे. मग शिट्टीबाई रबरी बूट घालून, ब्रश घेऊन शिडीने तळाशी उतरायची. शेवाळ खरवडायची, निखळलेल्या फरशा बसवायची, सांध्यांत पांढरं सिमेंट भरायची. तळाशी केसांच्या पिना सापडायच्या, कानातली सापडायची. एका वर्षी चक्क कवळी सापडली. ती मागायला कोणी आलं नाही, येणार तरी कुठल्या तोंडाने! काम झालं की ती खोल बाजूच्या भिंतीला टेकून उन्हात पाय पसरायची आणि वर आभाळाकडे बघत राहायची.

हे चित्र छान वाटतं ना? आता पुढचं ऐका. साफसफाई संपली की पगार बंद. उरलेली थंडी घर नवऱ्याच्या एकट्याच्या कमाईवर. तलाव उघडला की या जीवरक्षकांना पुन्हा नवे म्हणून घ्यायचे, म्हणजे कायम करायला नको. या हरामखोरीविरुद्ध आम्ही युनियनवाल्यांनी तलावाच्या फाटकावर ठाण मांडलं. बारा महिने काम, बारा महिने पगार! मोर्चात सगळ्यांत पुढे शिट्टीबाई, आणि तिची शिट्टी ऐकून रस्त्यावरची वाहनं थांबायची. जिंकलो. तलावावर छत आलं, पाणी तापवायचं यंत्र आलं, माणसं कायम झाली. व्यवस्थापक साहेबांनी फीत कापली आणि श्रेय खिशात घातलं. ते जाऊ द्या.

पहिलं वर्ष आनंदात गेलं. दुसऱ्या थंडीत मी तिला भेटायला गेले तर आत वाफ, दिवे, तोच घुमणारा गोंगाट. तिचा चेहरा उतरलेला. विचारलं तर म्हणाली, "काही नाही गं. उन्हाळा संपतच नाही."

मी हसण्यावारी नेलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत ते घडलं.

एका बँकेतल्या बाई रोज पोहायला यायच्या. चांगल्या पोहणाऱ्या. त्या दिवशी खोल बाजूला त्यांना भोवळ आली आणि त्या गुपचूप खाली गेल्या. शिट्टीबाईचं तोंड त्याच बाजूला होतं. शेजारी पोहणाऱ्या एका मुलीच्या पायाला काहीतरी लागलं, ती किंचाळली, तेव्हा कुठे शिट्टीबाईने उडी मारली. तिनेच बाईंना वर काढलं, तिनेच छाती दाबून श्वास दिला. बाई वाचल्या. पण साहेबांनी संध्याकाळपर्यंत शिट्टीबाईला निलंबित केलं. कारण: कामावर झोप.

चौकशीच्या आदल्या दिवशी मी तिच्या घरी गेले. ती कणीक मळत होती, नवरा दारात बसून बुटातलं पीठ झटकत होता.

"हे बघ," मी म्हटलं, "वाफ होती. दिवे मंद होते. अख्ख्या तलावाला एकच जीवरक्षक. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तेवढंच बोलायचं."

"खऱ्या आहेत. पण मला दिसत होतं."

"काय दिसत होतं?"

"त्या खाली जाताना मी बघितल्या. डोळ्यांनी बघितल्या. आत काही पोचलंच नाही." तिने कणकेवरचा हात काढला. "भिंतीकडे बघावं तसं बघत होते गं मी."

"हे उद्या बोललीस तर तो तुझी शिट्टी काढून घेईल!"

"घेऊ दे. आत्ता ती माझ्या गळ्यात असावी असं मलाच वाटत नाही."

"दोघी हळू बोला," नवरा म्हणाला, "शेजारी फुकट ऐकतात."

माझं डोकं फिरलं होतं. "मग फाटकावर बसलो ते काय हवा खायला? तुला ती थंडीतली सुट्टी हवी आहे होय परत? ती सुट्टी नव्हती, बाई. बेकारी होती!"

"दोन्ही होती," ती म्हणाली. "तू भांडायला आली होतीस, तुला बेकारी दिसली. त्या कोरड्या तलावात माझे डोळे सुटे व्हायचे. मोजायला कोणी नसायचं. उन्हाळा येईतो मी पुन्हा नवी व्हायची. पण हे मोर्चात कसं सांगणार? साहेब म्हणाला असता, बघा, यांना बिनपगारीच आवडते."

तरी मी थोडा वेळ ओरडले, सवयीने.

चौकशीत साहेबांनी विचारलं, "झोपला होतात?"

"नाही साहेब. झोपले असते तर बरं होतं. झोपलेल्याला हलवून उठवता येतं." मग तिने घरी सांगितलं तेच सगळं सांगितलं, आणि वर मागणी केली. "गरमीचे महिने मला खुर्चीवर बसवा. थंडीत खाली उतरवा. पंप बघेन, फरशा बघेन, नवशिक्यांना काठावर शिकवेन. सगळ्या जीवरक्षकांना पाळीपाळीने असंच. पगार पूर्ण."

"म्हणजे तुमच्या सोयीने ऋतू चालवायचे?"

"ऋतू तुमच्या कचेरीतून सुटत नाहीत, साहेब," मी म्हटलं. मला बाहेर काढायची धमकी मिळाली.

तेवढ्यात बँकेतल्या बाई दार ढकलून आत आल्या, बोलावलं नसताना. खांद्यावर पर्स, चेहरा तापलेला. वाटलं, संपलं. त्या शिट्टीबाईकडे बघून म्हणाल्या, "तुमच्यावर माझा राग आहे. तो राहील." मग साहेबांकडे वळल्या. "वर्षअखेरची कामं उरकली की आमचे मॅनेजर आम्हाला काही दिवस रोखीच्या खिडकीवर बसू देत नाहीत. डोळे थकलेले असतात, नोटा चुकतील म्हणून. साहेब, मी नोटेपेक्षा स्वस्त आहे का?"

साहेबांनी समोरचा ग्लास उचलला आणि न पिताच ठेवला.

निकाल काही सोन्यासारखा लागला नाही. शिट्टीबाईच्या नावावर ताकीद पडली, निलंबनातला पगार बुडाला. थंडीत खुर्चीवरून उतरवायची पद्धत फक्त एका वर्षापुरती मान्य झाली, आणि परत चढण्याआधी तिने तळाशी टाकलेलं वजन बुडी मारून वर काढून दाखवायचं ठरलं. बाकीचे जीवरक्षक कुरकुरले. तळघरात पंपाशी क्लोरीनचा उग्र वास, तिथे कोणाला जायचं असतं? एकाने तिला 'थंडीची राणी' म्हणायला सुरुवात केली. ती म्हणाली, "राणी म्हणतोस तर मग पाना आणून दे."

त्या थंडीत तिने गळक्या झडपा बदलल्या. पाण्याला घाबरणाऱ्या बायकांना काठावर बादल्या देऊन त्यात तोंड घालून बुडबुडे काढायला शिकवलं. एक आजी इतक्या जोरात हसल्या की बादलीच लवंडली. दुपारचा डबा शिट्टीबाई मागच्या कट्ट्यावर खायची. समोर पानं गळालेलं झाड, त्यापलीकडे घरांची छपरं. "काय बघतेस?" मी विचारायची. "काही नाही. लांबचं." सुरुवातीला ती तिथेही माणसं मोजायची. मग कधीतरी थांबली. कधी ते तिलाही सांगता येत नाही.

उन्हं तापायला लागली, तलावाच्या छताचे पत्रे सरकवले, गर्दी आली. तिने वजन पहिल्याच बुडीत वर काढलं. पण वजन हलत नाही, ते काय कोणीही शोधेल. आतलं भय तिला होतंच. खुर्चीवर चढताना शिडीच्या मधल्या पायरीवर ती जरा थांबली, ते मी पाहिलं.

आठवडाभराने मी गेले ते भांडणाच्याच कामाने. साहेब थंडीत खाली उतरवायची ती पद्धत पुढच्या वर्षी बंद करायच्या बेतात होते, त्याविरुद्ध सह्या गोळा करायच्या होत्या. खुर्चीखाली उभी राहून मी सुरुवात केली.

"बोल," ती पाण्यावरची नजर न हलवता म्हणाली. "पण मान वळवणार नाही मी."

"ऐक तर! तो माणूस पुन्हा..."

तिने हात वर करून मला थांबवलं. शिट्टी वाजली, आखूड. खोल बाजूच्या दोराजवळ एक मुलगी होती, हसत होती असं मला वाटलं. शिट्टीबाई तोवर पाण्यात होती. मुलीला काठाशी आणलं, ती खोकली, मग रडली. मी तिथेच उभी होते, माझेही डोळे उघडेच होते, आणि मला काहीच दिसलं नव्हतं.

शिट्टीबाई ओल्या कपड्यांनी परत चढली आणि डावीकडून मोजायला लागली.

"हं," ती म्हणाली, "सही कुठे करायची? कागद वर धर. तू माझा हात धरून जागा दाखव, मी बघणार नाही."