पायथ्याची वीतभर जागा

भिजवलेल्या अंबाडीच्या दोराचा वास आला की आमच्या इतिहास विभागाचं प्रदर्शन आठवतं. आम्ही जुन्या काळातली बाज विणत होतो. वर अंथरायला घोंगडं आणि वाकळ आणली होती. मित्रांनी वीण थेट पायथ्यापर्यंत नेली, तेव्हा एरवी मागच्या बाकावर बसणारा मी चाचरत म्हणालो, "तिथं वीतभर जागा सोडा, नाहीतर बाज सैल पडल्यावर ताणणार कशी?" "कुठल्या पुस्तकात हाय हे?" एकानं विचारलं. सगळे हसले. पुस्तकात नव्हतं. "आमच्या घरी आहे. आई ताणते," मी सांगून टाकलं. सर पुढं येऊन म्हणाले, "सोडवा रे सगळं. आणि ह्याच्या आईला फोन लावा." नव्यानं विणताना दोर सैलच राहतोय म्हटल्यावर शाळेची पायरी न चढलेली आई स्पीकरवरून ओरडली, "वढा की जोरात! जेवला न्हाईसा व्हय रं?" त्या दिवसापासून मी मागच्या बाकावर बसत नाही.