जानकीबाईंच्या डब्यांतली स्ट्रॉबेरी

जानकीचा नवरा जव्हार संस्थानच्या कचेरीत कारकून. १९११ साली ती त्याच्यामागोमाग वाईहून जव्हारला आली. घर मिळालं ते कातळावर. मागच्या दारी चार पावलांचं अंगण, पण कुदळ मारली तर ठिणगी उडावी असं. मूलबाळ नव्हतं. नवरा कचेरीत गेला की बोलायला एकटी रुपी. ती मूळची वांगणीची, घरात पाणी भरायला येई.

जानकीचा धाकटा भाऊ बळवंत महाबळेश्वरला एका साहेबाच्या बागेवर देखरेखीला होता. दिवाळीनंतर त्याने नाशिकहून येणाऱ्या गाडीवानाबरोबर स्ट्रॉबेरीची बारा रोपं पाठवली, ओल्या शेवाळात गुंडाळून. सोबत चिठ्ठी होती : ‘ताई, फाल्गुनात फळं पिकतील. मी येऊनच खाईन. तोवर कुणाला हात लावू देऊ नकोस.’

“लावू कुठे गं ही?” जानकीने विचारलं.

रुपीने अंगणावर नजर फिरवली. “भुईला जागा नाय, तं वर लावू बाय. माच बांधू.”

तिने बांबूची तीन पायऱ्यांची माच उभी केली. रॉकेलचे डबे आडवे कापले, खिळ्याने तळाला भोकं पाडली, माती आणि शेणखत भरलं. हातभर रुंद जागेत बाराही रोपं बसली. तिथे कोंबड्या पोहोचत नव्हत्या, मुळाशी पाणी साचत नव्हतं. फळं मातीला टेकू नयेत म्हणून जानकी पानांखाली पेंढा घाली. त्या थंडीत बाई गुणगुणायची, असं रुपी पुढे सांगे.

फाल्गुनात फळं लाल झाली. त्याच आठवड्यात कोपरा फाडलेलं कार्ड आलं. बळवंत प्लेगने गेला होता.

चार दिवसांनी रुपी हळूच म्हणाली, “बाय, तोडू का? मुंग्या लागल्यात.”

“हात लावू नकोस.”

फळं काळी पडून गळाली.

रोपं मात्र जानकीने मरू दिली नाहीत. पावसाळ्यात डबे वळचणीखाली घेई, दसऱ्यानंतर नवे फुटवे लावी. पण पांढरं फूल दिसलं, की नखाने खुडून टाकी. एकदा नवरा वैतागला, “मग उपटून तरी टाक सगळी!”

“रोपं त्याने दिलीत,” ती म्हणाली.

अशी सात वर्षं गेली. मग नवऱ्याने नाशिकला दुसरी नोकरी धरली. निघताना जानकीने डबे रुपीच्या ओटीवर ठेवले. “फुलं खुडशील ना?”

“व्हय, बाय.”

रुपीने महिनाभर खुडली. नंतर तिच्याने होईना. फळं धरली, बारकी आणि आंबट. ती तिच्या नातीने, सरूने, खाल्ली. वैशाखात झरा आटला, माणसांनाच पाणी पुरेना, आणि रोपं वाळली.

तीन वर्षांनी जानकीचा नवरा कसल्याशा कागदासाठी जव्हारला आला. वाटेत रुपी भेटली. जानकी गेल्या श्रावणात वारल्याचं त्याने सांगितलं.

“शेवटी डब्यांचं विचारत होती,” तो म्हणाला.

“तुमी काय सांगितलं?”

“आहेत म्हटलं. रुपी नीट सांभाळते.”

रुपीने हंडा डोक्यावर चढवला आणि ती उताराला लागली.