माणसं वगळलेलं चित्र

सत्तरच्या दशकात नागपुरात मी चित्रकला शिकत होतो, तेव्हा आमच्या वर्गात एकाकीपणाची साथ आली होती. रिकामी खोली, खिडकी आणि खिडकीपाशी बसलेलं एक उदास माणूस, एवढ्यालाच आमचे मास्तर आधुनिक वास्तववाद म्हणायचे. मी घरी आत्याला खिडकीपाशी बसवलं. ती टेकते न टेकते तोच शेजारीण आत आली. "काहून वं, एकटीच बसून राहिली? बरं नाही का?" तिच्यामागून आणखी दोघी आल्या, संत्री सोलली गेली, गप्पा रंगल्या. मी त्या सगळ्यांना वगळून आत्या तेवढी रंगवली. वास्तवाच्या प्रामाणिक चित्रणाबद्दल मला बक्षीस मिळालं.

चित्र बैठकीत टांगलं. पण आमच्याकडे भिंतीवर एकटं माणूस म्हणजे वारलेलं माणूस. पाहुणे चित्राला हात जोडत, "कधी झालं?" म्हणून हळूच विचारत, तेवढ्यात आत्या चहा घेऊन येई. शेवटी तीच वैतागली. "काढ बाप्पा ते! जित्ती हाये ना मी अजून!"

पुढे ती खरंच गेली. माझं चित्र कोणालाच नको होतं. म्हणे, ती अशी एकटी कधी बसलीच नाही. मग घरच्यांनी कुठल्याशा लग्नातला ग्रुप फोटो स्टुडिओत नेला आणि तिच्यापुरता कापून मोठा करून आणला. हार घालायला मी पुढे झालो. फोटोत तिच्या खांद्यावर माझी चार बोटं तेवढी उरली होती.