टेंभी नाक्याजवळच्या दोन खोल्या

ठाण्यात घर शोधायला गेलो तेव्हा मी पहिला नमस्कार चुकीच्याच माणसाला घातला, ही गोष्ट मी शंभरदा तरी सांगितली असेल. आमच्याकडे आलेल्या पाहुण्याला चहाबरोबर ती मिळतेच. पण ती मी दर वेळी अर्ध्यावर थांबवतो. उरलेली अर्धी — आज सकाळपर्यंत कोणालाही सांगितली नव्हती.

मुंबईत प्लेग, म्हणजे गाठीचा ताप, आला आणि आमच्या गिरगावच्या चाळीत दारांना कुलपं लागू लागली. जो तो ठाण्या-कल्याणाकडे पळत होता. मीही बायको-मुलांना धर्मशाळेत ठेवून घर हुडकत होतो. भाडी अशी चढलेली, की गुरांच्या गोठ्यालाही माझ्यापेक्षा वरच्या पगाराचा कारकून मिळत होता! अशात कळलं, टेंभी नाक्याजवळ दोन खोल्या आहेत, मला परवडतील अशा.

ओटीवर एक गृहस्थ बसले होते. तेच मालक समजून मी वाकलो, आणि माझी मुलं किती गुणी, बायको किती शांत, मी स्वतः किती कमी जेवतो — सगळं एका दमात सांगितलं. ते पोट धरून हसले. "अहो, मीही भाडेकरूच! गिरगावातलाच. सकाळीच शब्द मिळालाय. पण थांबा, मागची पडवी रिकामी आहे. तुमच्यासाठी विचारतो मालकांना."

इथे लोक हसतात, आणि मी थांबतो.

त्यांची बायको उंबऱ्याला हळदकुंकू लावत होती. सामान अजून बाहेर गाडीतच होतं. तेवढ्यात खरे मालक आले नि मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुम्हीही गिरगावचे ना? यांच्या घरात सगळं ठीक आहे ना हो?" त्या दिवसांत मालक असेच चौकशी करत, एका मुंबईकराची खात्री दुसऱ्याकडून.

मी काय सांगायला हवं होतं? त्या माणसाचं नावसुद्धा मला ठाऊक नव्हतं. आणि मी म्हणालो — हलक्या आवाजात, जणू कोणाचं भलं करतोय — "तसं ऐकलंय... घरातच कोणाच्या तरी काखेत..." वाक्य पुरं केलं नाही. करावं लागलंच नाही.

मला वाटलं, मालक काहीतरी सबब सांगून त्यांना वाटेला लावतील. पण ते ओटीवरून खाली उडी मारून ओरडतच सुटले. बघता बघता आळीतली दारं धडाधड लागली. गाडीवानाने सामान रस्त्यात टाकून बैल हाकले. एवढ्याशा शब्दाने एवढं होतं? ते गृहस्थ बंद दारांपुढे धाकट्या मुलीचा हात वर धरून सांगत होते, "काख बघा हो हिची, बघा तरी!" मग माझ्याकडे वळले. "अहो, तुम्ही तरी सांगा यांना."

मी ओटीच्या खांबाकडे बघत राहिलो.

बोचकी डोक्यावर घेऊन ती माणसं कळव्याच्या खाडीच्या दिशेने चालत गेली. पुढे? मी कधी चौकशीच केली नाही.

अशा घरात राहायला तयार झालो म्हणून मालकांनी माझ्या धाडसाचं कौतुक केलं — भाडंही थोडं उतरवलं. मला कसली भीती? खोटं माझंच होतं. त्यांनी घरभर गोमूत्र शिंपडलं. त्या बाईने पुजलेल्या उंबऱ्याला हात लावायला मात्र धजले नाहीत. संध्याकाळी बायको दाराशी थबकली. "अगंबाई, उंबरा पुजलेला! कोणी हो?"

"मालकांच्या घरच्यांनी," मी म्हणालो.

तिला तो शुभशकुन वाटला. तेव्हापासून तीन वर्षं, रोज सकाळी, त्याच जागी ती कुंकवाचं बोट टेकते. आज ती करंडा घेऊन उंबऱ्याशी बसली आणि — का कोण जाणे — मी सगळं सांगून टाकलं.

तिने उचललेलं बोट पदराला पुसलं. मग म्हणाली, "म्हणजे इतके दिवस मी त्या बाईचा उंबरा पुजत होते."